नेव्हिल पास्कोचा प्लॅटिपस

नेव्हिल पास्कोला ओढ्याकाठी एक बाक ठेवायचा होता. दोन माणसं बसतील एवढा, पाठ टेकता येईल असा, साधा लाकडी बाक. यात नगरपालिका, निम्मं गाव, परातभर सॉसेज आणि तालुक्याचं इस्पितळ येण्याचं काहीएक कारण नव्हतं. पण आमच्या टॅलबिनमध्ये एखादी गोष्ट साधी राहतेय असं दिसलं की लोकांना चैन पडत नाही.

बाक हवा होता ग्लेनिससाठी. ग्लेनिस म्हणजे नेव्हिलची बायको. तिचे गुडघे थंडीत ठणकतात, आणि आमच्या डोंगरात जूनमध्ये आलेली थंडी सप्टेंबर संपत आला तरी चिवट पाहुण्यासारखी बसून असते. तिची बहीण लॉरेन तिकडे क्वीन्सलँडला समुद्राकाठी राहते आणि दर रविवारी फोन करून तिथलं तापमान सांगते. तर झालं असं की लॉरेनच्या शेजारचं घर रिकामं झालं, आणि त्याच रविवारी जेवताना ग्लेनिसने विषय काढला.

"हे घर विकू या, नेव्ह."

नेव्हिलचा बटाटा काट्यावरच राहिला. "आणि ओढा?"

"ओढा विकायचा प्रश्नच नाही. तो आपला नाही."

"आणि प्लॅटिपस?"

"कुठला प्लॅटिपस?" ग्लेनिस म्हणाली. "लग्न करून या घरात आले तेव्हापासून ऐकतेय. रोज संध्याकाळी जातोस, येतोस, म्हणतोस, आज दिसला. मला आजवर दिसलाय तो तुझ्या पँटवरचा चिखल. तो धुते मी."

ओढ्याचा काठ उभा, वाट निसरडी, आणि प्लॅटिपस बघायचा तर एका ओल्या ओंडक्यावर उकिडवं बसून श्वास रोखून धरावा लागतो. ग्लेनिसला उकिडवं बसता येत नाही. श्वास रोखायचं तर सोडाच, ती बोलायचीही थांबत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत त्या दोघांची गाठ पडली नव्हती.

शेवटी तह झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी कपची घोडशर्यत असते, त्या दिवसापर्यंत मुदत. तोवर ग्लेनिसने स्वतःच्या डोळ्यांनी प्लॅटिपस पाहिला, तर क्वीन्सलँडचं नाव काढायचं नाही. नाही पाहिला, तर बुधवारी दारावर 'घर विकणे आहे'ची पाटी.

नेव्हिल हो म्हणाला खरा. गावातला तो चष्मेवाला. उभा जन्म एका अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना 'आता बरं दिसतं, की आता?' असं विचारण्यात गेलेला. संध्याकाळी दुकान बंद करून ओढ्यावर जायचं, ही त्याच्या दिवसातली एकच गोष्ट अशी होती की जिथे त्याला कुणाला काही विचारावं लागत नसे. ते सोडून समुद्राकाठी खिडक्या उघड्या टाकून झोपायचं, या कल्पनेने त्याला रडू यायचं बाकी होतं. म्हणून त्याने बाक करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी ट्रेव्हर भेटला. ट्रेव्हर हॅलहन हा पास्कोंचा शेजारी. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट करता येते, फक्त पुरी करता येत नाही.

"नेव्ह, लेका, वाईट वाटून घेऊ नकोस," ट्रेव्हर म्हणाला, "पण तो पाणउंदीर आहे."

"मी पाणउंदीर आणि प्लॅटिपस ओळखत नाही?"

"चांगली माणसंसुद्धा फसतात. संध्याकाळची वेळ, तपकिरी अंग, पाण्यातून एक रेघ जाते. उंदीरच असतो रे."

आता हे दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर चाललं असतं. पण गावातल्या निम्म्या नाकांवर नेव्हिलने दिलेले चष्मे आहेत. पबमध्ये ही बातमी पोचली तेव्हा लोक हसले, आणि मग हसता हसता थोडे गंभीर झाले. ज्याला उंदीर कळत नाही त्याने आपल्याला दिलेला नंबर तरी बरोबर असेल का, असा विचार काही जणांच्या मनात आला. खाटकाने तर नेव्हिलला गाठून, नम्रपणे, डोळे पुन्हा एकदा तपासून मागितले. नेव्हिल त्या दिवशी घरी आला तो थेट भांडी घासत बसला.

त्याच्या बाजूने गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे हेदरबाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आमच्या ओढा बचाव मंडळाच्या तहहयात अध्यक्षा. एखाद्या वाया गेलेल्या पण लाडक्या भाच्याबद्दल बोलावं तसं हेदरबाई प्लॅटिपसबद्दल बोलतात. बाकाची बातमी कळताच त्या आल्या आणि पास्कोंच्या स्वयंपाकघरात वर्ग भरवला.

"अंडी घालतो, म्हणून पक्षी म्हणावं, तर पिलांना दूध पाजतो. बरं, दूध पाजतो म्हणावं, तर आईला स्तनच नाहीत. पोटावरच्या केसांतून दूध घामासारखं पाझरतं, पिलं ते चाटतात. दात लहानपणीच पडून जातात. आणि जठर? जठर नाहीच! घशातून थेट आतड्यात."

"जठर नाही?" ट्रेव्हर हादरला. तो साखर मागायला आला होता आणि आता खुर्ची ओढून बसला होता. "मग बियर प्यायली तर जाते कुठं?"

"तो पीत नाही, ट्रेव्हर."

"मग बिचाऱ्याचं सगळंच बिनसलंय की."

"पहिल्यांदा त्याचं कातडं लंडनला नेलं तेव्हा तिथल्या विद्वानांना वाटलं, कुणीतरी बदकाची चोच शिवून थट्टा केलीय," हेदरबाई अभिमानाने म्हणाल्या. "टाके शोधले त्यांनी, टाके! आणि पाण्यात शिरला की डोळे बंद, कान बंद, नाकही बंद. तरी पोटभर खातो. किड्याने अंग हलवलं की त्यातून जी इवलीशी वीज निघते ना, ती याच्या चोचीला कळते."

"आणि आमच्या याला," ग्लेनिस चहा ओतत म्हणाली, "फ्रीज उघडा, आत दिवा लागलेला, डोळ्यांवर स्वतःच्या दुकानातला चष्मा, तरी लोणी सापडत नाही."

हेदरबाईंनी जाता जाता बजावलं, की नराच्या मागच्या पायांना विषारी काटे असतात आणि हे त्यांच्या माजाचे दिवस आहेत. कधी उचलायची वेळ आलीच तर शेपटीच्या टोकाला धरायचं, पोटाखाली हात घालायचा नाही. नेव्हिलने मान हलवली. शाळेत असतानाही हेदरबाईंच्या सांगण्यावर सगळे अशीच मान हलवायचे.

नगरपालिकेत ओढ्याकाठच्या कामांची खिडकी तान्याकडे असते. तान्याला पहिला चष्मा नेव्हिलनेच दिला होता, त्यामुळे काम चुटकीसरशी होईल असं त्याला वाटलं होतं.

"बाक जमिनीत रोवणार?" तान्याने विचारलं.

"हो. नाहीतर पुरात जाईल."

"मग ते बांधकाम झालं. बांधकामाचा उद्देश?"

"प्लॅटिपस बघणे."

तान्याने मान वर केली. "म्हणजे तुमच्या घरामागे प्लॅटिपस आहे?"

"आहे!" नेव्हिलला एकदम भरून आलं. सरकारने त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

"मग तिथे बांधकाम करता येणार नाही. संरक्षित प्राणी आहे तो."

नेव्हिलने थोडा विचार केला. "समजा, प्लॅटिपस नाही."

"नाही, तर बाक कशाला?"

"बसायला."

"बसायला तुम्हाला परसदार आहे की. ओढ्याच्या काठाला हात लावायचा तर सबळ कारण लागतं. आणि तुमच्याकडे जे सबळ कारण आहे, त्याच कारणासाठी ते करता येत नाही. मला खरंच वाईट वाटतंय, मिस्टर पास्को." तिला खरंच वाईट वाटत होतं. चष्मा काढून पुसला तिने.

हे ऐकून ट्रेव्हरने कुंपणावरून उडी मारली. अशा प्रसंगासाठीच तो जन्माला आलेला आहे. "रोवायचाच नाही! चाकं लाव त्याला. चाकं लागली की ती गाडी झाली. ओढ्याकाठी गाडी उभी करायला कोण अडवतंय?"

मग ट्रेव्हरच्या शेडमधून गवत कापायच्या यंत्राची दोन चाकं निघाली आणि त्याच्या मुलांच्या जुन्या बाबागाडीची दोन निघाली. पुढची मोठी, मागची लहान, त्यामुळे बाकावर बसलेला माणूस आपोआप आकाशाकडे बघायचा. ट्रेव्हर म्हणाला, उतारावर ठेवला की सरळ होईल. ब्रेक म्हणून चाकाखाली वीट. नेव्हिल उभ्या आयुष्यात काचेच्या केसभर फरकासाठी भांडलेला माणूस, पण त्याने तेही मान्य केलं. दिवस चालले होते.

चूक झाली ती पुढे. बाक खाली न्यायला शनिवारी जरा हात लाव, एवढं नेव्हिल ट्रेव्हरला म्हणाला. ट्रेव्हर ते पबमध्ये बोलला. आणि आमच्याकडे कुणाला मदत हवीय असं कळलं, की ती किती हवीय हे विचारायची पद्धत नाही. शनिवारी सकाळी नेव्हिलने पडदा सारला तर अंगणात श्रमदानाला निम्मं गाव उभं. कुणी फावडं आणलेलं, कुणी यांत्रिक करवत, तिघांनी आपापले कुत्रे. खाटकाने शेगडी मांडून परातभर सॉसेज भाजायला घेतले होते आणि त्याची बायको कांदा चिरत होती. हेदरबाई सगळ्यांना भगभगीत पिवळी जाकिटं वाटत होत्या, म्हणजे अपघात होणार नाही.

"जरा हळू बोला हं," नेव्हिल प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होता. "तो लाजाळू आहे."

"कोण, उंदीर?" असं म्हणून लोक करवत सुरू करत होते.

दुपारपर्यंत वाट तयार झाली, आणि खोटं कशाला बोला, चांगली झाली. पायऱ्या, दोर बांधलेला कठडा, सगळं. बाक वाटेच्या मध्यावर आणून विटेवर टेकवला. ब्रेक तपासायला ट्रेव्हर स्वतः त्याच्यावर बसला, हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज घेऊन. तो खाणार एवढ्यात खाटकाच्या कुत्र्याने झेप घेतली, बाक हलला, वीट निसटली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ट्रेव्हर हॅलहन उतारावरून निघाला. आरडाओरडा नाही, काही नाही. आकाशाकडे बघत, सॉसेज उंच धरून, पिवळ्या जाकिटात, तो खाली गेला, काठावरून गेला, आणि मोठा आवाज करून चिखलात बसला. कुत्रा त्याच्या मागोमाग पोचला.

"ब्रेक जरा कमी पडतोय," खालून आवाज आला.

बाक पुढच्या चाकांसकट गुडघाभर रुतला होता. आठ जणांनी ओढला तरी हलेना. पण गंमत अशी, की तो रुतला होता बरोबर डोहासमोर, बरोबर सरळ, आणि बसून बघितलं तर ओढ्याचं वळण थेट नजरेसमोर. एवढ्यात तान्या आली. सुट्टीचा दिवस होता, पण पिवळी जाकिटं तिला रस्त्यावरून दिसली होती.

"हा बाक रोवलाय का, मिस्टर पास्को?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "उभा केलाय. चाकं आहेत त्याला."

तान्याने वाकून चाकं शोधली. मागची दोन दिसत होती. तिने थोडा विचार केला, खाटकाकडून एक सॉसेज घेतलं, आणि गाडी उभी करण्याचा विषय रस्ते विभागाकडे येतो असं सांगून ती निघून गेली. त्या संध्याकाळी ओढ्यात बेडूकसुद्धा ओरडला नाही.

मग ग्लेनिस रोज संध्याकाळी खाली येऊ लागली. थर्मास, केक, पायांवर घोंगडी. नेव्हिलने तिला सांगितलं होतं की गप्प बसायचं, आणि ती कुजबुजत बोलायची. लॉरेनच्या पडद्यांबद्दल, खाटकाच्या बायकोच्या ऑपरेशनबद्दल, गप्प बसणं किती अवघड आहे याबद्दल. नेव्हिल डोहाकडे डोळे लावून बसायचा. बुडबुड्यांची रेघ आली की त्याचा श्वास अडकायचा, आणि मग ते नुसतेच बुडबुडे निघायचे. एकदा मात्र पाण्यातून काहीतरी तपकिरी सळसळत आलं. नेव्हिलने तिचा हात घट्ट धरला. ते समोरच्या दगडावर चढलं, मिशा पुसल्या, आणि पांढऱ्या टोकाची लांब शेपटी हलवून दाखवली.

"हाच का रे?" ग्लेनिसने विचारलं.

"नाही," नेव्हिल म्हणाला. "हा पाणउंदीर."

ग्लेनिसने त्याच्या पाठीवर थोपटलं, आणि ते थोपटणं त्याला ट्रेव्हरच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

कपचा दिवस ढगाळ उजाडला. त्या दिवशी कुणी काम करत नाही. बायका पिसांच्या टोप्या घालतात, पुरुष न कळणाऱ्या घोड्यांवर पैसे लावतात, आणि दुपारी तीनला सगळे टीव्हीसमोर बसतात. यंदा पार्टी ट्रेव्हरकडे होती. ग्लेनिस चिकन सँडविच आणि जांभळी टोपी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "शर्यत झाली की येते खाली. शेवटचं बसू." नेव्हिलला तो 'शेवटचं' शब्द सहन झाला नाही. तो एकटाच ओढ्यावर गेला.

ढगाळ दिवशी प्लॅटिपस दुपारीसुद्धा बाहेर पडतो. नेव्हिल बाकावर बसला आणि त्याला दिसलं, की वळणावर पाण्यात एक दोरी ताणलेली आहे. दोरीच्या टोकाला झिंगे पकडायचा जाळ्याचा सापळा. असल्या सापळ्यांवर सरकारने बंदी घातली त्याला वर्षं झाली. आत शिरायला वाट असते, बाहेर यायला नसते, आणि झिंगा पाण्याखाली राहू शकतो, प्लॅटिपसला श्वासासाठी वर यावं लागतं. सापळा हलत होता. थोडा वेळ हलला, मग त्याचं हलणं मंद झालं.

नेव्हिल पाण्यात उतरला तो बुटांसकट. सापळा वर काढला तर आत तो होता. तपकिरी, ओला, चोच जाळीत अडकलेली. इतकी वर्षं लांबून पाहिलेला, एवढासा जीव. त्या क्षणी नेव्हिलच्या मनात काय आलं, ते त्याने मला पुढे स्वतः सांगितलं. वर ट्रेव्हरच्या अंगणात ग्लेनिस होती, एक हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. घर वाचलं असतं, ओढा वाचला असता, सगळ्या गावाच्या समोर त्याचे डोळे खरे ठरले असते. पण ग्लेनिसला त्या गुडघ्यांनी खाली यायला वेळ लागला असता. जाळं गळ्याशी आवळलेलं होतं, आणि तो धडपडायचाही थांबला होता.

नेव्हिलने हाक मारली नाही. खिशातल्या चाकूने जाळं कापलं, आणि घाईत, हेदरबाईंचं सगळं शिक्षण विसरून, पोटाखाली हात घालून त्याला बाहेर काढलं.

प्लॅटिपसला उपकार कळत नाहीत. त्याने मागचे दोन्ही पाय नेव्हिलच्या मनगटाभोवती आवळले आणि काटे मुळापर्यंत रोवले. नेव्हिल ओरडला, पण हात झटकला नाही. पाण्याशी हात नेऊन धरून राहिला. पाय सैल झाले, एक बुडबुडा आला, आणि प्लॅटिपस दिसेनासा झाला.

ट्रेव्हरच्या पार्टीत नेव्हिल पोचला तेव्हा टीव्हीवर घोडे मैदानात यायला लागले होते. कमरेपर्यंत चिखल, आणि हात पावासारखा फुगलेला. सगळ्या पिसांच्या टोप्या एकदम वळल्या.

"नेव्ह!" ग्लेनिस उठली. "काय केलंस हे?"

"प्लॅटिपस," नेव्हिल म्हणाला आणि सँडविचच्या टेबलावर बसला.

इस्पितळात फक्त एक तरुण डॉक्टर आणि सिस्टर होती, आणि सिस्टरच्या डोक्यावरही पिसं होती. शर्यत नेमकी तेव्हाच सुरू झाली, त्यामुळे सिस्टरने एका हाताने नाडी धरली आणि दुसऱ्या हाताने टीव्हीचा आवाज वाढवला. "तीनच मिनिटं हं, राजा," ती म्हणाली. नेव्हिल ओरडत होता. तिला वाटलं, त्याचा घोडा मागे पडलाय.

मग मॉर्फिन दिलं. काही फरक नाही. आणखी दिलं. नेव्हिलला भिंत दोन दिसायला लागली, पण दुखणं एकच, आणि तसंच. डॉक्टरने शहरातल्या मोठ्या डॉक्टरला फोन लावला, बराच वेळ नुसतं 'हो, हो' केलं, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. हाताकडे जाणारी नसच त्याने बधिर केली, आणि पहिल्यांदाच नेव्हिलचा जबडा सैल झाला.

"मिस्टर पास्को, सूज, दोन बाजूंना दोन छिद्रं, आणि मॉर्फिनला दाद नाही," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला खरोखरच प्लॅटिपस डसलाय."

"जरा मोठ्याने बोला," नेव्हिल म्हणाला. "बाहेर ट्रेव्हर बसलाय."

ट्रेव्हर ऐकायच्या आधीच आत आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सापळा माझाच, नेव्ह. पार्टीसाठी झिंगे काढावे म्हटलं. आजोबांच्या वेळचा होता रे. मला वाटलं, उंदीरच तर आहे तिथं." हेदरबाई त्याच्या मागे उभ्या होत्या आणि त्याचं पुढे काय झालं, ते मी इथे लिहीत नाही. आजही तो त्यांना बघून रस्ता बदलतो.

सगळे गेल्यावर ग्लेनिस पलंगाजवळ बसली. जांभळी टोपी मांडीवर.

"हाक का नाही मारलीस?"

"तुला यायला वेळ लागला असता."

"हातात होता तुझ्या. मी बघितला असता तर तू जिंकला असतास."

"मेला असता गं तो."

ग्लेनिसने त्याच्या कपाळावरचा चिखल रुमालाने पुसला. मग तिने पर्समधून फोन काढला आणि लॉरेनला लावला.

"लॉरेन, त्या घराला नाही म्हणून सांग. नाही, गुडघे आहेत तसेच आहेत. नाही, मी बघितला नाही. म्हणूनच! ऐक माझं. त्या मेल्यापायी माझ्या नवऱ्याने हाताचं भरीत करून घेतलंय. तो दिसतो तरी कसा, हे बघितल्याशिवाय मी या गावातून हलणार नाही. एकदा बघितला, की मग बोलू तुझ्या क्वीन्सलँडचं. किती दिवस? मला काय माहीत, त्याला विचार."

नेव्हिलने डोळे मिटले. मॉर्फिनमुळे असेल, पण त्याला वाटलं की आपण तरंगतो आहोत.

सूज उतरायला महिना गेला. हात गळ्यात अडकवून तो पुन्हा ओढ्यावर जायला लागला, आणि आता त्याची वेगळीच पंचाईत झाली. पूर्वी प्लॅटिपस दिसावा म्हणून जीव वर-खाली व्हायचा, आता दिसू नये म्हणून व्हायला लागला. ग्लेनिस थर्मास घेऊन यायची, तो मुद्दाम डोहाकडे पाठ करून, हात उशीवर ठेवून, तिच्याकडे तोंड करून बसायचा. डॉक्टरांनी असंच बसायला सांगितलंय, असं त्याने तिला सांगितलं होतं.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. हवा गरम, पाणी संथ. ग्लेनिस चहा ओतत होती आणि बोलत होती. "लॉरेन म्हणते, निळे पडदे उन्हाने विटतात, म्हणून तिने पिवळे आणले. मी म्हटलं, पिवळे म्हणजे माशा..."

ती थांबली.

नेव्हिलच्या मागे पाण्यात अगदी हलकं 'डुबुक्' झालं. तो आवाज तो झोपेतही ओळखतो. ग्लेनिसचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेले होते. चहा कपातून बशीत आणि बशीतून घोंगडीवर सांडत होता, ते तिला कळलं नाही. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि चेहरा असा झाला होता की नेव्हिलने तिला असं फक्त एकदा पाहिलं होतं, त्यांची मुलगी जन्मल्यावर पहिल्यांदा मांडीवर दिली तेव्हा. ते डोळे डोहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेले आणि वळणाशी थांबले.

"काय गं?" नेव्हिलने विचारलं.

ग्लेनिसने कप खाली ठेवला. घोंगडी झटकली. नाक ओढलं.

"काही नाही. लाकूड होतं."

"लाकूड?"

"वाहत आलं होतं कुठून तरी. गेलं." तिने केकचा तुकडा त्याच्या चांगल्या हातात ठेवला. "खा. उद्या परत येऊन बसू. कधी ना कधी दिसेलच की. तर पिवळे पडदे म्हणजे माशा येतात, असं मी तिला म्हटलं."

नेव्हिल केक खात पडद्यांचं ऐकत राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.